माडीची सागवानी जमीन घासून पॉलिश करायचीय, सोलापुरात कोण करतं?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या वर्गणीचा मेल नाहीये, घाबरू नका. सोलापूरला शुक्रवार पेठेत आमचं आजोबांचं घर आहे, आई आता खालीच राहते आणि वरची माडी दहा-बारा वर्षं बंद आहे. माडीला फरशी नाही, सरळ तुळयांवर सागवानी फळ्या, लहानपणी फटीतून चार आणे खाली सोडले की आजी स्वयंपाकघरातून ओरडायची. मधे कुणीतरी त्यावर लाल ऑइलपेंट फासलाय, त्याचे आता पोपडे निघतायत. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला तीन आठवडे येतोय, तेवढ्यात उरकायचंय. इकडे अमेरिकेत आमच्या ओकच्या फ्लोअरला माणूस आला आणि तीन दिवसात मोकळा झाला. तिकडे आईने दोन पॉलिशवाल्यांना दाखवलं तर एक म्हणतो मेलामाईन पॉलिश मारून देतो, दुसरा म्हणतो कशाला त्रास, वरून व्हिट्रीफाईड टाइल्स टाकून घ्या. नवरा म्हणतो इकडून सँडर, म्हणजे घासायचं मशीन, विकत घेऊन बॅगेतून नेऊ. हसू नका, खरंच विचारतेय.

---

ताई,

पहिलं म्हणजे त्या टाइल्सवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. जुन्या तुळयांवर सिमेंटचा माल आणि फरशीचं वजन टाकायचं म्हणजे आधी तुळया तपासायला माणूस बोलवा. मशीन नका आणू, तिकडचं १२० व्होल्टचं असतं आणि इथे २३०, लावलं की धूर.

मी रिटायर होऊन होटगी रोडला येऊन राहिलो तेव्हा एका खोलीला लाकडी जमीन केली होती, त्यातून शिकलो ते सांगतो. इथे फर्निचर पॉलिशवाले ढीगभर, चांगले पण आहेत, पण जमीन केलेला शंभरात एखादा. आमच्यावाल्याने हातातल्या ग्राइंडरला डिस्क लावली आणि दोन दिवसात खोली उरकली, मी पण खूश. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं आलं आणि बघतो तर सगळ्या जमिनीवर गोल गोल, कुणीतरी ओळीने भाकऱ्या थापून गेल्यासारखे. त्यावर पॉलिश चढल्यावर तर अजूनच उठून दिसले. विचारलं तर म्हणतो, "डिझाइन म्हणा की साहेब." परत घासून घेतली, मला दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागले ते वेगळंच.

म्हणून माणूस ठरवायच्या आधी एकच अट घाला. जिथे पलंग येणार आहे तिथे हातभर तुकडा घासण्यापासून पॉलिशच्या शेवटच्या हातापर्यंत पूर्ण करून दाखव, मग बोलू. रात्री लाइट घालवून टॉर्च जमिनीवर आडवी ठेवा, सगळं बिंग बाहेर येतं. आणि भिंतीलगतची दोन बोटं बघा, तिथे मशीन पोचत नाही, हाताने घासावं लागतं, कामचुकार तिथेच सापडतो.

घासताना ४० नंबरचा सँडपेपर, मग ६०, ८०, १२०, मधला नंबर गाळायचा नाही. प्रत्येक नंबरच्या आधी फळ्यांवर पेन्सिलच्या रेघा मारायला लावा, रेघ राहिली म्हणजे तिथे कागद लागलाच नाही. त्याआधी सगळे खिळे ठोकून आत, नाहीतर कागद फाटतो आणि ठिणगी उडते ते वेगळं. जिन्याच्या तोंडाशी फळीची कड उघडी असेल ना, तिथे जाडी बघून घ्या, किती घासायला शिल्लक आहे ते कळेल.

मेलामाईन कपाटाला ठीक, पायाखाली तडकतं. फ्लोअरचं पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश घ्या, डबे स्वतः आणा आणि समोर उघडा, थिनर ओतून पातळ करायची सवय असते यांना. सागाला अंगचं तेल असतं म्हणून हात मारायच्या आधी थिनरने पुसून घ्यायचं, नाहीतर वाळत नाही नीट. जानेवारी बरोबर निवडलात, मे महिन्यात आपल्याकडे ब्रश फिरवेपर्यंत मागचं वाळतं आणि जोड दिसतात.

– होटगी रोडवाले काका

---

काकांचं सगळं बरोबर पण एक राहिलं आणि ते महत्त्वाचं आहे. जुना लाल ऑइलपेंट म्हणजे त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरांच्या रंगातलं शिसं १९७८ ला बंद झालं, भारतात ९० पीपीएमचा (दहा लाख भागांत नव्वद भाग शिसं) नियम २०१६ चा आणि लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात, तुमचा रंग नक्की त्याआधीचा. कोरडं सँडिंग केलंत तर ती धूळ फटीतून सरळ आईच्या स्वयंपाकघरात. इकडून टेस्ट किट घेऊन जा. शिसं निघालं तर रिमूव्हर लावून ओलं असतानाच खरवडून घ्या, मशीन नंतर. खाली छताला प्लॅस्टिक बांधा आणि मुलांना तेवढे दिवस मावशीकडे पाठवा.

---

येताना शेंगा चटणी आणा. बाकी मला लाकडातलं काही कळत नाही.

---

मंडळी, सोलापूरहून लिहितेय. किटने शिसं दाखवलं, म्हणजे ते खरवडणंच आलं, चार दिवस त्यातच गेले. पूर्व भागातला एक पॉलिशवाला मिळाला, तुकडा करून दाखवायला तोच एकटा तयार झाला, बाकीच्यांना अपमान वाटला. काका, तुमच्या टॉर्चला तो आधी हसला, मग स्वतःच गुडघ्यावर बसून बघायला लागला आणि म्हणाला, "इथं ऐंशीनं परत मारायला लागतंय की."

रंगाखाली जुनं चपडीच्या लाखेचं पॉलिश निघालं, त्याखाली साग, मधासारखा. फटींमध्ये तो भुसा आणि फेविकॉल भरणार होता, मी नको म्हटलं, पावसाळ्यात फळ्या फुगल्या की ते निसटून खालीच पडणार. मोठ्या दोन फटींत सागाच्या पट्ट्या एका बाजूनेच चिकटवून बसवल्या, बाकी उघड्या ठेवल्या. भाव ठरवताना मी चुकले, फुटावर ठरवला पण जिन्याच्या पायऱ्या त्यात धरल्या नव्हत्या, त्याचे वेगळे द्यावे लागले. आधीच लिहून घ्या.

पीयूचे तीन हात झालेत. दोन आठवडे सतरंजी टाकायची नाही आणि पलंग सरकवायचा नाही असं सांगून गेलाय, म्हणजे आम्ही निघेपर्यंत माडी रिकामीच. आई जिन्यात उभी राहून बघत बसते, काल मांजर वर गेलं तर त्याला पाय पुसून जा म्हणाली.

चटणी दोन किलो घेतलीय. ज्यांनी मागितली त्यांनी मंडळाच्या हॉलवर येऊन न्यायची, पोस्टाने पाठवणार नाही.