आईचं डायलिसिस चालू, काळी शी परत परत, हिमोग्लोबिन टिकेना

यंत्रमागवाला, अक्कलकोट रोड:
आई ६३ वर्षांची, आठवड्याला ३ डायलिसिस. हिमोग्लोबिन जरा नवाच्या वर चढलं की परत डांबरासारखी शी, आकडा थेट सहावर. मग रक्ताच्या पिशवीसाठी पळापळ. वरून-खालून दोन्हीकडून दुर्बीण झाली, काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, लहान आतडं राहिलंय, पुण्याला जाऊन कॅप्सूल करा, म्हणजे गिळायचा छोटा कॅमेरा. शेजारी म्हणतात लोहाच्या गोळीनं काळी होते. मामा म्हणतात डायलिसिसच थांबवून बघू. मामांना कोण सांगणार! पुण्याआधी इथं काय करून घेऊ?

डायलिसिस टेक्निशियन:
लोहानंही काळी होते, पण चिकट, चकचकीत आणि नाक धरायला लावणारी असेल तर रक्तच समजा. आकडाही उतरतोय, मग वाद कशाला? डायलिसिस अजिबात थांबवू नका. युरिया साचला की रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स भरपूर असूनही नीट काम करत नाहीत, रक्त जास्तच जातं. मशीनवर हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू नये म्हणूनचं औषध, किती देतात ते विचारा. अशा वेळी बिनहेपॅरिन करता येतं, मधूनमधून सलाईननं फिल्टर धुतात. पण सुई टोचायच्या आधी तुम्हीच सांगायचं, "काल काळी झाली". दुखण्याच्या गोळ्या घेतात का?

यंत्रमागवाला:
घेते की. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक. मेडिकलवाला देतो.

टेक्निशियन:
झालं मग! त्यानंही आतून रक्त जातं. डॉक्टरांना आजच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही दाखवा, ती मात्र मनानं बंद करू नका.

सासऱ्यांची सून:
दादा, आमच्याकडे हेच. कॅप्सूलमध्ये लहान आतड्यात लाल ठिपके दिसले, अँजिओडिस्प्लेसिया, म्हणजे नाजूक रक्तवाहिन्यांचे पुंजके, त्यातून रक्त झिरपतं. किडनीच्या पेशंटमध्ये बऱ्याचदा सापडतं. बलूनवाल्या दुर्बिणीनं तिथवर जाऊन आर्गॉन वायूच्या यंत्रानं डागले. नवे ठिपके येतात, म्हणून आता रक्त जाणं कमी व्हायला महिन्याचं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन चालू आहे. कॅप्सूल रक्त गेल्यावर लगेच, दोन-तीन दिवसांत केली तर सापडायची शक्यता जास्त. पुढच्या महिन्याची तारीख घेऊ नका. पोट साफ करायला फॉस्फेटचं औषध नको म्हणून सांगा. टूडी इको करा, हृदयाची महाधमनीची झडप आकसली असली तरी असं रक्त जातं. रक्त वाढवायचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चुकवू नका. किडनी बदलायचा विचार असेल तर दर पिशवीआधी विचारा, खरंच लागणार का. रक्तानं अँटीबॉडी वाढतात, मग किडनी जुळणं अवघड.

यंत्रमागवाला:
मंगळवारी डायलिसिस आहे, सगळं विचारतो. गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल?

टेक्निशियन:
चालतं, डोस डॉक्टरांकडून घ्या. पण त्याआधी काळी होऊन चक्कर किंवा घाम आला तर मंगळवारची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी.