मदत हवी आहे: रायझरमधल्या सिव्हिअर स्लगिंगचं मॉडेल ब्लोआउटला कोसळतंय

मंडळी, मल्टिफेज फ्लोवर (एकाच पाइपमधून गॅस आणि लिक्विड एकत्र वाहणं) कोणी काम केलंय का? एमटेकच्या प्रोजेक्टसाठी समुद्रतळावरची पाइपलाइन आणि वर प्लॅटफॉर्मला जाणारा उभा पाइप, म्हणजे रायझर, मॉडेल करतोय. मुंबई हायला पाणी साधारण 75 मीटर खोल आहे म्हणून रायझर तेवढाच धरलाय. फ्लो कमी आणि पाइपलाइन रायझरकडे उतरती असली की बुडाशी लिक्विड साचून गॅसची वाटच बंद होते, मागे प्रेशर वाढत राहतं, रायझर भरत जातो आणि मग गॅस आत घुसला की बहुतेक लिक्विड एकदम वरच्या सेपरेटरवर (गॅस-लिक्विड वेगळं करणारी टाकी) आदळतं, हाच ब्लोआउट; उरलेलं खाली घसरतं आणि परत तेच चक्र. यालाच सिव्हिअर स्लगिंग म्हणतात, आणि लिक्विडचा तो लांब गठ्ठा म्हणजे स्लग.

टायटेल या संशोधकाचा 1986 चा निकष लावला की फ्लो स्थिर राहील की नाही एवढं कळतं, पण मला सायकलचा वेळ आणि स्लगची लांबी हवीये, म्हणून टू-फ्लुइड मॉडेल (गॅस आणि लिक्विडची वेगवेगळी इक्वेशन्स) घेतलं. इथेच घोडं अडलंय. ब्लोआउटच्या वेळी गॅस आणि लिक्विडच्या वेगात फरक प्रचंड वाढतो, इक्वेशन्स इल-पोज्ड होतात (म्हणजे गणितानेच स्थिर उत्तर देत नाहीत) आणि ग्रिड जितका बारीक करावा तितक्या लाटा जास्तच माजतात!

यावर इंटरफेशियल प्रेशरची (गॅस-लिक्विडच्या सीमेवरच्या दाबाची) टर्म घालावी, की रायझरपुरतं ड्रिफ्ट-फ्लक्स (दोघांचं मिश्रण एकत्र धरून वेगातला फरक सूत्राने देणारं मॉडेल) वापरावं? आणि ड्रिफ्ट-फ्लक्स घेतलं तर बुडाशी गॅसची वाट बंद-चालू होते ती बाउंड्री कंडिशन कशी लिहायची, म्हणजे टाइमस्टेप कोसळणार नाही? वरचा चोक (फ्लो आवळणारा व्हॉल्व्ह) थोडा बंद केल्यावर फ्लो शांत होतो, तेही मॉडेलमध्ये दिसायला हवंय. कोड पायथनमध्ये आहे, कोणी बघणार असेल तर लगेच पाठवतो.