नाइट्स ऑफ कोलंबसमध्ये कोणी आहे का? मदत हवी आहे

मंडळी, मी मूळ वसईचा, सध्या न्यू जर्सीत. इथे पॅरिशमधले (आमच्या चर्चमधले) काका लोक मागे लागलेत नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक पुरुषांची संघटना जॉईन कर म्हणून, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) संपली की फॉर्म हातात, तोही कॉफीचा डाग पडलेला 😄 एवढं कळलं की १८८२ मध्ये फादर मॅकगिव्हनीनी न्यू हेवनला सुरू केलं, विधवा-अनाथांना आधार म्हणून, आणि १८ वर्षांवरचे कॅथलिक पुरुषच घेतात. आपल्याकडच्या सेंट विन्सेंट डी पॉल या गरिबांना मदत करणाऱ्या चर्चच्या संस्थेसारखंच वाटतं, पण यांचा इन्शुरन्सही आहे, तो घ्यावाच लागतो का? नाही म्हटलं तर काका रुसतील का? आणि नोकरी, पोरं सांभाळून महिन्याला किती वेळ जातो? बायकोला आधीच शंका आहे की मी त्यांच्या फिश फ्रायसाठीच (तळलेल्या माशांच्या जेवणासाठी) चाललोय. कोणी मेंबर असेल तर खरं काय ते सांगा प्लीज.