एल-रॉड, लाँग रेंज लोकेटर आणि आमचं अंगण: खरंच काही आहे की नुसती हवा?

लष्करकर
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला आमचा जुना वाडा दिवाळीनंतर पाडायचाय. पणजोबा शिंदे सरकारात कारकून होते, त्यामुळे घरात लहानपणापासून एकच पालुपद, अंगणात हंडा पुरलाय. खणलं मात्र कोणीच नाही. तर मी आणि मेहुण्यानं पितळी वेल्डिंगच्या काड्या आणल्या, एल आकारात वाकवल्या आणि रिकाम्या पेनांत बसवल्या, म्हणजे हाताचा स्पर्शच नको. शिवाय मेहुण्यानं ओळखीतून एक लाँग रेंज लोकेटर आणलाय, पिस्तुलासारखी मूठ, पुढे अँटेना, गोल्ड-सिल्व्हरचा नॉब, म्हणे एक किलोमीटरवरून सोनं पकडतो. बायकोची अंगठी फरशीवर ठेवून चालत गेलो, बरोबर अंगठीवर काड्या क्रॉस! दहापैकी दहा वेळा. मग न्हाणीघराच्या कोपऱ्यात परत क्रॉस झाल्या आणि लोकेटरपण तिकडेच वळला. आधी मीपण हसत होतो, आता सांगा, थोतांड असेल तर दहाच्या दहा वेळा कसं?

दालबाजार_भाऊ
दादा एकदम बरोबर. आमच्या मामाच्या शेतात पाणाड्या आला होता, तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला, तिथेच बोअर मारलं आणि आजपण पाणी आहे. प्रत्येक धातूची आपली फ्रिक्वेन्सी असते, मशीन तेवढीच पकडतं. सायन्सवाल्यांना समजत नाही ते सगळं खोटं, असं कसं चालेल?

ओममीटर
लष्करकर, अंगठी कुठे ठेवलीय ते तुम्हाला माहीत होतं ना? मग संपलं. आणि पेनाच्या नळीचं उलट आहे, घर्षण कमी झाल्यामुळे काडी जास्तच फिरते. चौकट ओळंब्यात नसली की दार आपोआप उघडतं, तसंच मनगट दोन अंश कललं की काडी आत वळते आणि मी हलवलीच नाही असं माणूस प्रामाणिकपणे सांगतो. फ्रान्सच्या शेवरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं 1833 मध्ये लोलकावर हेच दाखवलं होतं, डोळे बांधले की लोलक थांबायचा.

फ्रिक्वेन्सीचं म्हणाल तर मातीत गप्प पडलेलं सोनं काहीच सोडत नाही. खरा मेटल डिटेक्टर आधी स्वतः कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र पाठवतो आणि धातूत तयार होणाऱ्या करंटचा प्रतिसाद वाचतो, तरी एखादं नाणं वीतभर खोलीवर मिळालं तर नशीब. एक किलोमीटर वगैरे सोडाच.

दालबाजार_भाऊ
ओममीटर साहेब, मग परदेशात लाखो रुपयांना अशी मशीनं का विकली जातात? लोक वेडे आहेत का?

ओममीटर
वेडे नाहीत, फसतात. एडीई-651 नावाचं असंच अँटेनावालं यंत्र बॉम्ब शोधायला म्हणून इराकमध्ये कोट्यवधींना खपलं, चेकपोस्टवर जवान ते हातात धरून उभे असायचे. त्याचं मूळ होतं गोल्फचे चेंडू शोधायचं एक स्वस्त खेळणं. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला 2013 मध्ये ब्रिटनच्या कोर्टानं 10 वर्षांची शिक्षा दिली. आणि नारळाचं म्हणाल तर मामांच्या शेतात दुसरीकडे बोअर मारून बघितलं होतं का? 1990 मध्ये जर्मनीत कासेलला 30 पाणाड्यांची परीक्षा घेतली, जमिनीत अर्धा मीटर खाली पाइप, पाणी चालू की बंद तेवढंच सांगायचं. निकाल नाणं उडवल्यासारखा.

माहेर_ग्वाल्हेर
अरे बाबांनो, आमच्या आजोळी तर पायाळू पोराच्या डोळ्यांत अंजन घालून धन शोधायचे, काड्या त्यामानानं बऱ्या म्हणायच्या. ग्वाल्हेरकरांचं रक्तच असं आहे, जयाजीराव शिंदे महाराज 1886 मध्ये गेले आणि किल्ल्यातली गंगाजळी कुठे ते कोणाला धड सांगून गेले नाहीत, बीजक बीजक (म्हणजे खजिन्याचा गुप्त संकेत) करत पुढच्या पिढ्या शोधत बसल्या. पण ते हिशेबातले पैसे होते, कारकुनाच्या हंड्याचं काय घेऊन बसलात, पगार तरी किती असायचा! आणि 2013 मध्ये उन्नावजवळ डौंडियाखेड्यात साधूच्या स्वप्नावरून पुरातत्त्व खात्यानं खणलं, 1000 टन सोन्याची बोंब, निघाली खापरं. एक मात्र कामाचं सांगते लष्करकर, खरंच काही निघालं तर गप्प बसू नका. 1878 चा निखात निधी कायदा अजून आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं निघालं की कलेक्टरला कळवावं लागतं. आणि किल्ल्याच्या बाजूला काड्या घेऊन फिरायची हौस असेल तर ती विसराच.

लष्करकर
ताई किल्ल्यावर नाही जात, घाबरू नका. ओममीटर, तुम्ही फार ठणकावून बोललात म्हणून रविवारी करूनच टाकलं. स्वयंपाकघरातले दहा एकसारखे डबे, सगळ्यांवर नंबर, अंगठी बायकोनं ठेवायची, आम्ही दोघं बाहेर गल्लीत, ती मागच्या दारानं शेजारी जायची म्हणजे तिचा चेहरापण दिसायला नको. काड्यांनी वीस वेळा केलं. तीन बरोबर.

ओममीटर
डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी सरासरी दोन आले असते. तीन म्हणजे काही विशेष नाही.

दालबाजार_भाऊ
स्टीलचे डबे असतील! स्टील सिग्नल अडवतं. आणि दादांचं मन शंकेनं भरलेलं होतं, अशानं रिडिंग कसं येणार? मशीनचं सांगा की.

लष्करकर
डबे प्लास्टिकचे होते भाऊ. मशीनचं तेच तर सांगायचंय, मेहुणा चहा घ्यायला आत गेला तेव्हा मी हळूच खालचं झाकण उघडून बॅटरी काढून खिशात टाकली. तो परत आला, मूठ धरली, पावलं मोजत चालला आणि न्हाणीघराच्या कोपऱ्याजवळ अँटेना सर्रकन वळली, तीच जागा, तोच अँगल, वर म्हणतो आज सिग्नल जोरात आहे. मी बॅटरी दाखवल्यावर तो दहा मिनिटं बोललाच नाही. सोळा हजार दिलेत त्यानं.

माहेर_ग्वाल्हेर
आणि अंगठी? ती तरी मिळाली ना परत?

लष्करकर
हो ताई, सात नंबरच्या डब्यात, साबुदाण्यासकट.

दालबाजार_भाऊ
बॅटरीशिवाय वळली म्हणजे खाली माल दणकून आहे दादा, समजून घ्या. आणि मेहुण्यांना विकायचं असेल तर आठ हजारांत सांगा, मी रविवारी येतो.