एमजीए १५००: जिप्सीचं इंजिन बसवू की मूळचंच बांधून घेऊ?

समीर_मुलुंड

बाबांची १९५७ची एमजीए १५०० आहे, एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, काळी. १९७४ साली त्यांनी फोर्टातल्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली, तेव्हापासून घरातच. बाबा गेल्यावर तीन वर्षं ती बिल्डिंगखाली ताडपत्रीत उभी होती. यंदा आई म्हणाली, चालू कर.

एप्रिलमध्ये एका गॅरेजवाल्याकडे दिली. त्याने कार्बोरेटर धुतले, प्लग बदलले आणि गाडी तयार आहे म्हणून सांगितलं. ऐरोली पुलावर पाण्याचा काटा २१२ फॅरनहाइटच्या पुढे गेला. मी बाजूला घेईपर्यंत वाफ आणि खडखड. हेड उतरवल्यावर दिसलं की दोन आणि तीन नंबरच्या मधलं गॅस्केट उडालंय. तीन नंबरच्या सिलिंडरला उभी चर पडलीय, नख अडकेल एवढी. क्रँकवर ओरखडे, शेल बेअरिंगचं तांबं उघडं पडलंय. रेडिएटरच्या निम्म्या नळ्या गाळाने बुजल्या होत्या आणि त्याने एकदाही टोपी उघडून आत पाहिलं नव्हतं, याचा मला फार राग आहे.

आता तोच म्हणतो, ‘हे इंजिन संपलं. मारुतीच्या जिप्सी किंगचं बसवू, पाच गिअर मिळतील.’ १२९८ सीसी, ८० हॉर्सपॉवर. आपलं मूळचं ७२. कागदावर पटतं. पण संध्याकाळी गाडी कोपऱ्यावर वळली की आई आवाज ओळखून चहा टाकायची. तिला तोच आवाज हवाय. काय करू?

राहुल_पनवेल

मी असतो तर जिप्सीचंच घेतलं असतं. इंजिन गाडीच्या लांबीत बसतं, पार्ट कुठेही मिळतात, तापायची कटकट नाही. इंग्लंडात लोक एमजीएला फोर्ड सिएराचा पाच गिअरचा बॉक्स सर्रास लावतात, काहीजण मझदा एमएक्स-५चं इंजिनही घालतात. खुद्द एमजीने १९७३ला एमजीबी जीटीमध्ये रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ घातलं होतं. गाडी चालली पाहिजे, नुसती उभी राहून काय उपयोग?

दत्ताकाका_लालबाग

समीर, ते इंजिन त्या माणसाच्या दुकानात एक दिवसही ठेवू नकोस. ब्लॉकवरच्या पट्टीवर नंबर आहे. रॉकेलने पुसून घे, आरसी बुकाशी जुळवून बघ आणि फोटो काढून ठेव. बाकीचं नंतर.

एमजीए १५००चं इंजिन म्हणजे बीएमसीची, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची, बी-सिरीज, १४८९ सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३.०२५ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८८.९. आता जुनी अ‍ॅम्बॅसेडर आठव. तेच घराणं, तोच बोअर, तोच स्ट्रोक. आबिंग्डनची स्पोर्ट्स कार आणि उत्तरपाऱ्याची टॅक्सी, आतून सख्खी भावंडं. मी चाळीस वर्षं मशिनशॉपमध्ये काढली, या इंजिनाच्या ब्लॉकवर किती वेळा हात फिरवलाय याचा हिशेब नाही. संपलेलं इंजिन वेगळं दिसतं. तुझं दुखावलंय.

ब्लॉक नुसता इकडे आण. आधी प्रेशर टेस्ट करू, गॅस्केट उडालं की सिलिंडरांच्या मध्ये तडा बघावाच लागतो. तडा नसेल तर चारही बोअरना लायनर, म्हणजे आतून नवी नळी, मारून मूळ मापावर आणता येतं. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज शेल घालू. हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घे, शिशाचं पेट्रोल सीट वाचवायचं, ते २०००लाच बंद झालं. आणि आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला एसयू कार्बोरेटरचे जुने रबरी पाइप टिकत नाहीत, तेही बदल.

तडा निघालाच, तर अ‍ॅम्बॅसेडरचा ब्लॉक शोधायचा. ऑपेरा हाउसला जुन्या दुकानदारांकडे विचार, कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिर. पण नंतरच्या काळातलं इसुझूचं १८०० नको, ते वेगळंच इंजिन. १४८९च पाहिजे. पुढची प्लेट, मागची प्लेट, संप (तळाचं ऑइलचं भांडं), हेड, कॅम आणि दोन्ही कार्बोरेटर तुझ्या गाडीचेच ठेवायचे. पिस्टन घेताना कॉम्प्रेशन विचारून घे, अ‍ॅम्बॅसेडरचं कमी असायचं.

राहुल, तू म्हणतोस ते व्ही-८ अ‍ॅल्युमिनियमचं होतं, म्हणून नाकावर भार आला नाही. त्याच कंपनीने १९६७ला एमजीसीत लोखंडी सहा सिलिंडर घातलं, तर गाडी नाकाने जड झाली आणि वळणावर सरळ जायला बघू लागली. इंजिन बदललं की वजन, स्प्रिंगा, ब्रेक, सगळंच बदलतं. समीरच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेकच आहेत.

एक सांगतो. १९८६ साली आम्ही एका एमजी टीडीत डिझेल बसवलं होतं. गिऱ्हाइकाला पेट्रोल परवडत नव्हतं, मालक हो म्हणाले. चासीचे इंजिन धरणारे कान मी माझ्या हाताने कापले. काही वर्षांनी त्यांचा मुलगा मूळ इंजिन शोधत आला. आम्ही ते भंगारात किलोवर दिलं होतं. तो दारात उभा राहिला, काही बोलला नाही. त्यानंतर मी कुणाच्याही गाडीचं मूळ इंजिन दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही.

मीनल_पार्ले

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही. शिवाय जुलै २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद हवी असेल तर गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. जिप्सीचं इंजिन बसलं की हे दार बंद.

समीर_मुलुंड

नंबर सापडला. पट्टीवर ऑइलचा पापुद्रा होता, आईने जुन्या टूथब्रशने घासला. आरसीशी अक्षरन्‌अक्षर जुळतो. गॅरेजमधून सगळे तुकडे परत आणलेत; बोल्टांच्या दोन पिशव्या कमी होत्या, भांडून त्याही आणल्या. काका, रविवारी टेम्पो करून ब्लॉक आणि क्रँक घेऊन येतो. रेडिएटर कुठे द्यावा?

दत्ताकाका_लालबाग

रेडिएटर माझ्याकडेच आण. कोअर बदलायचा, वरची-खालची टाकी तुझीच ठेवायची. ये दहाच्या आत. आणि फ्लायव्हील, प्रेशर प्लेट विसरू नकोस, क्रँकबरोबरच बॅलन्सिंगला लावू.