अनुभव धागा : जर्मनीतील कामाचा परवाना

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिशांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले, तेव्हापासून गावोगावचे लोक त्याबद्दल विचारू लागले आहेत. नोकरी ठरल्यापासून परवाना हातात पडेपर्यंत कोणकोणते कागद लागले आणि गाडी नेमकी कुठे अडली, हे प्रत्यक्ष त्यातून गेलेल्यांनी येथे सविस्तर लिहावे. सल्लागार संस्थांच्या जाहिराती मात्र कृपया नकोत.

यंत्र अभियंता, मूळ पिंपरी-चिंचवड

ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्यासाठी, पगाराची किमान मर्यादा दरवर्षी बदलते. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती आणि अभियंत्यांसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांसाठी सुमारे ४३,७६० युरो. हमखास मिळेलच असे नाही तो बोनस या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे करारपत्रातील मूळ पगार तेवढा आहे ना, हे सही करण्यापूर्वीच पाहावे. दुसरी गोष्ट पदवीची. परदेशी विद्यापीठे आणि पदव्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘अनाबिन’ या जर्मन संकेतस्थळावर आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (मान्यताप्राप्त) असा शेरा असून भागत नाही, तर पदवीचीही तेथे नोंद लागते. माझी पदवी तेथे सापडत नसल्याने मी परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या सरकारी कार्यालयाकडून २०८ युरो भरून मूल्यांकनाचे प्रमाणपत्र मागवले. कंपनीने भरलेल्या नोकरीच्या फॉर्ममधील साप्ताहिक तास करारपत्राशी जुळले पाहिजेत, हेही जाता जाता सांगतो.

परिचारिका, मूळ सांगली जिल्हा

अभियंत्यांचा मार्ग आमच्या मानाने सरळ म्हणावा लागेल, कारण परिचारिकेचा व्यवसाय तेथे नियंत्रित आहे आणि पदवीला त्या त्या राज्याची मान्यता मिळाल्याशिवाय पूर्ण परिचारिका म्हणून काम करता येत नाही. मान्यतेसाठी प्रत्येक विषयाचे तासिकांचे आणि प्रत्येक वॉर्डातील प्रात्यक्षिकाचे तास लेखी द्यावे लागतात. आमच्या महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेत फक्त गुण होते. कार्यालयातील क्लार्कबाईंनी जुनी हजेरी रजिस्टरे काढून शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग असे एकेक विभागाचे तास बेरीज करून लिहिले, मग त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का, आणि त्यानंतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन भाषांतर. एवढे करूनही वृद्धसेवेचे तास कमी असल्याचा निर्णय आलाच. अशा वेळी पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानचाचणी यांपैकी एक निवडता येते. मी चाचणी निवडली. त्यात तोंडी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष रुग्णांची शुश्रूषा करून दाखवावी लागते आणि प्रत्येक कृतीचे कारण जर्मनमध्ये सांगावे लागते. तोवर मी सहायक म्हणूनच, कमी पगारावर काम करीत होते. ‘जर्मन भाषेचे बी-२ पातळीचे प्रमाणपत्र आले की काम झाले’ असे सांगून पैसे घेणाऱ्या एजंटांना हा मधला काळ विचारा, म्हणजे कोण किती पाण्यात आहे ते कळेल.

संगणक अभियंता, मूळ नाशिक

माझा अनुभव मुदतवाढीचा. आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोहोचला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना आणि काम करण्याचा हक्क चालू राहतो, हे बहुतेकांना माहीत नसते. त्याचा पुरावा म्हणून ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ नावाचा घडीचा कागद मिळतो आणि त्यावर कोणत्या चौकोनात फुली मारली आहे, यावर सारे अवलंबून असते. जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ च्या पोटकलम ४ वर फुली असेल तर भारतात जाऊन परत येता येते, पोटकलम ३ वर असेल तर त्या कागदावर परतता येत नाही. माझ्या कागदावर आधी पोटकलम ३ वर फुली पडली होती. ती काउंटरवरच दाखवून मी कागद बदलून घेतला, कारण पुढच्याच महिन्यात धाकट्या बहिणीचे लग्न होते. नोकरी बदलणाऱ्यांसाठी आणखी एक : ब्लू कार्डाच्या पहिल्या वर्षात नवी नोकरी घेतल्यास त्याच कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे.

ब्लू कार्डधारकाची पत्नी, मूळ कोल्हापूर

वरच्या तिघांनी लिहिले नाही ते एवढेच, की ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिशासाठी ए-१ या प्राथमिक जर्मन परीक्षेची अट नाही आणि जोडीदाराच्या स्वतःच्या निवास कार्डावर कोणत्याही नोकरीची मुभा असते. माझ्या नोकरीसाठी निराळा परवाना लागला नाही. मुलाखतीत मात्र एका कंपनीला हे पटेना, तेव्हा कार्डामागची ती ओळ दाखवावी लागली.