हस्तक, हँडलर, लागेबांधे: नेमका शब्द कुठला?

विचारणा : २६/११च्या खटल्यावरचा मजकूर तपासायचा आहे. लेखकाने हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला 'आयएसआयचा' (पाकिस्तानी गुप्तचर संस्थेचा) 'हस्तक' म्हटलंय आणि पुढच्याच परिच्छेदात मेजर इक्बालला 'हेडलीचा हस्तक'. दोन्ही कसं चालेल? शिवाय 'लागेबांधे' आणि 'साटेलोटे' आलटूनपालटून वापरलेत.

प्रतिसाद : दुसरं साफ चूक. ज्याच्या हातून काम करवून घेतलं जातं तो हस्तक. पावतीवर 'हस्ते' लिहितात ना, त्याच घरातला शब्द. पैसे एकाचे, हात दुसऱ्याचा. हेडलीच्या २०१०च्या अमेरिकेतल्या कबुलीनुसार, मुंबईत कार्यालय थाटायला इक्बालने त्याला सुमारे २५ हजार डॉलर दिले. म्हणजे हस्तक हेडली. हस्तकाकडून काम करवून घेणारा तो इंग्रजीत 'हँडलर'. त्यातला 'हँड' दिसला की भाषांतरकाराची लेखणी 'हस्तक'कडे वळते आणि अर्थ उलटा होतो. 'सूत्रधार'ही नको, तो अख्ख्या कटाचा असतो. 'हँडलर' आता रुळलाय, तोच ठेवा.

प्रतिसाद : आणि कोणाचा हँडलर तेही लिहा. हेडलीचे दोन होते : आयएसआयकडून इक्बाल, लष्कर-ए-तोयबा या दहशतवादी संघटनेकडून साजिद मीर. नुसतं 'हेडलीच्या हँडलरने सांगितलं' म्हटलं, तर ज्या मुद्द्यावर सगळा वाद आहे (आयएसआयचा हात होता का) तोच वाक्यातून गळतो.

त्याहून मोठा सापळा 'लष्कर' हा शब्द. मराठीत लष्कर म्हणजे सैन्य. 'लष्कराच्या माणसाने पैसे दिले' हे वाचून कोण समजायचं, पाकिस्तानी सैन्य की लष्कर-ए-तोयबा? काही जण संघटनेसाठी 'लष्करच्या' आणि सैन्यासाठी 'लष्कराच्या' असा भेद पाळतात, पण एका कान्यावर एवढा भार टाकू नये. मुद्रितशोधक तो काना इमानेइतबारे घालून टाकतो. संघटनेला दर वेळी 'तोयबा' आणि सैन्याला 'पाकिस्तानी सैन्य' म्हणा, प्रश्न मिटला.

प्रतिसाद : साटेलोटे म्हणजे मुळात दोन घरांनी एकमेकांकडे मुली देणं-करणं. म्हणून दोन्हीकडून देवाणघेवाण दाखवता आली तरच तो शब्द. लागेबांधे सैल आहेत : आतून काहीतरी संबंध आहे, स्वरूप उघड नाही. पैसा, प्रशिक्षण, आदेश यांतलं काही सांगता येत असेल तर तेच सांगा, लागेबांधे कशाला?

उलट टोकाचं उदाहरण अफगाणिस्तानात लढणाऱ्या हक्कानी या दहशतवादी गटाचं. सप्टेंबर २०११मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्वोच्च सेनाधिकारी अ‍ॅडमिरल मलन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्या गटाला आयएसआयचा जणू बाहूच म्हटलं. त्याचं 'हस्तक' करू नये. हस्तक वेगळा माणूस असतो, उद्या झिडकारता येतो, बाहू अंगाचाच.

विचारणा : आणि हल्ल्याआधी जागा हेरण्याला लेखकाने वापरलेला इंग्रजी 'रेकी'?

प्रतिसाद : रेकी हा जपानी उपचारही आहे, शीर्षकात तर हसूच येतं. 'टेहळणी' आहे की. हेडलीने एप्रिल २००८मध्ये बोटीतून फिरून किनाऱ्यावर उतरायच्या जागा हेरल्या, तिथे 'पाहणी' मात्र मिळमिळीत वाटेल.

प्रतिसाद : एक राहिलं. 'कथित' नावाला चिकटवू नका. 'कथित मेजर इक्बाल' म्हणजे नाव कथित, हुद्दा की माणूसच? पाकिस्तान सरकार आयएसआयचा हात नाकारतं, तेव्हा विधान कुणाचं ते लिहा : 'हेडलीने फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात दिलेल्या साक्षीनुसार'. लांब आहे, पण 'कथित'ची गरज उरत नाही.